पहिली टाळी

लाइल ब्रॅनॉक हा टाळ्यांचा माणूस. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये प्रेक्षकांना बसवून विनोदी मालिका रेकॉर्ड करतात, तेव्हा दोन प्रवेशांच्या मध्ये बराच वेळ जातो. दिवे हलवायचे, कोणाचा तरी चेहरा घामेजलेला असतो तो पुसायचा, लेखक कोपऱ्यात एखाद्या वाक्यावरून भांडत असतात. तोवर बाकांवर बसलेली माणसं जांभया द्यायला लागतात. त्यांना हसवत ठेवायचं, कोण कुठल्या गावाहून आलंय ते विचारून चेष्टा करायची, आणि नट परत आले की टाळ्यांना तोंड फोडायचं, हा लाइलचा धंदा. तो कधी पडद्यावर दिसला नाही. पण त्याची टाळी मात्र देशातल्या घराघरांत ऐकू गेली होती.

तळहात मोठे, जरा खोलगट. आवाज असा निघायचा, की पत्र्यावर नारळ पडावा. पहिली टाळी वाजवायला सगळ्यांना संकोच वाटतो, हे लाइलला पक्कं माहीत होतं. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात ते खरं, पण एका माणसाने वाजते. तो सुरू झाला की बाकीचे सुटकेचा श्वास टाकून मागून यायचे. आणि दुसरीही एक खुबी त्याला येत होती. प्रेक्षकांतला एखादा दारू पिऊन आलेला गृहस्थ उभा राहून भाषण ठोकायला लागला, की लाइल त्याच्याशी वाद घालत नसे. तो माणूस श्वास घ्यायला थांबला, की नेमकी तेवढ्यात टाळी. सगळे वाजवायला लागायचे. त्या बिचाऱ्याला वाटायचं, आपलं बोलणं लोकांना फार आवडलं. तो मान लववून खाली बसायचा. कोणाचा अपमान नाही, आरडाओरडा नाही.

"टाळीइतका गोड चिमटा दुसरा नाही," असं लाइल नव्या मुलांना शिकवायचा.

त्या वर्षी, म्हणजे इराकची लढाई सुरू झाली त्या वर्षी, या शहरात दोन माणसं एका टेबलावर कॉफी प्यायला बसली तरी भांडून उठायची. नटनट्या बक्षीस घ्यायला मंचावर जात आणि युद्धावर बोलून येत. इकडे सभागृहात अर्धे लोक उभे राहत, तिकडे गावोगावी लोक टीव्ही बंद करून चॅनलला शिव्यांचे फोन करत. जाहिरातदार हवालदिल. लाइलची बायको रोझलिन हिने रिसीडातल्या त्यांच्या घरासमोर युद्धाच्या विरोधाची पाटी रोवली होती. समोरच्या शेजाऱ्याने युद्धाला पाठिंबा म्हणून घरावर झेंडा लावला होता. लाइल दोन्हीकडे हात हलवून गाडीत बसायचा.

"तुझं मत काय आहे, ते एकदा मला तरी सांग," रोझलिन म्हणायची.

"माझ्या बाकांवर दोन्ही पक्षांची माणसं बसतात, रोझ. दोघांनाही हसवायचं असतं मला."

"म्हणजे मत नाहीच."

"आहे. पण खिशात आहे."

या खिशातल्या मताचा त्याला थोडा अभिमानच होता. इतरांची तोंडं सुटलेली, आपण तेवढे समंजस, असं त्याला वाटे.

ऑपल हार्गिस ही त्याची जुनी जोडीदारीण. तरुणपणी दोघं मिळून बेकर्सफील्ड, फ्रेस्नो असल्या गावांतल्या बारमध्ये विनोदी कार्यक्रम करायची. ऑपल बोलायची आणि लाइल तिच्या बोलण्यावर तोंडं करायचा, आणि विनोदावर पहिली टाळीही तोच वाजवायचा. ओक्लाहोमातली शेतकऱ्याची पोर, आवाज करवतीसारखा, आणि मोठा विनोद टाकायच्या आधी नाकातून एक बारीक श्वास घ्यायची. प्रेक्षकांना तो कळत नसे. लाइलला कळे, कारण त्याच्यावरच त्याला आपलं तोंड वाकडं करायचं असे. पुढे जोडी मोडली; भांडण नाही, ऑपलला मालिकांतून कामं मिळायला लागली आणि लाइलला मिळाली नाहीत. शेजारीण, नर्स, तुरुंगातली स्वयंपाकीण अशी कामं करत करत साठी ओलांडल्यावर एका मालिकेत ती शाळेची बस चालवणारी बाई झाली आणि देशाची लाडकी होऊन बसली.

तिला मूल नव्हतं. बहिणीचा, व्हर्नाचा, मुलगा टेरल शाळेत असताना वडील वारल्यावर दोनतीन वर्षं तिच्याकडे राहिला होता. लाइलच्या मागच्या अंगणात लिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली त्या पोराने फुटबॉल मारून किती लिंबं पाडली त्याला हिशेब नाही. तो सैन्यात गेला. मार्चमध्ये, लढाई सुरू झाली त्या आठवड्यात, एका सकाळच्या कार्यक्रमात ऑपलला बोलावलं होतं. शेजारी एक तरुण नट बसून युद्धाविरुद्ध बोलत होता. ऑपलने त्याला असा सोलून काढला की विचारू नका. "माझा भाचा तिकडे आहे. मीच त्याला सांगितलं, जा म्हणून. ही लढाई बरोबर आहे, आणि ज्याला तसं वाटत नाही त्याने निदान लाज बाळगून गप्प तरी बसावं." तो तुकडा दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर फिरला. ओक्लाहोमात तिचा जयजयकार झाला. इथे मात्र स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलावर कोणी बसेना.

जुलैत टेरल गेला. रस्त्याकडेला पेरलेल्या बॉम्बने.

लाइल आणि रोझलिन तिच्याकडे गेले, चीज घालून भाजलेल्या बटाट्यांची परात घेऊन. ऑपल स्वयंपाकघरात बसली होती. ती टेरलबद्दल बोलली नाही, लढाईबद्दल बोलली नाही. "परात धुऊन देते," एवढंच म्हणाली. रोझलिनसुद्धा त्या दिवशी मूग गिळून बसली.

आणि सप्टेंबरात टीव्हीच्या वार्षिक पुरस्कारांत सहायक भूमिकेसाठी ऑपलचं नाव आलं. सोहळ्यात जाहिराती सुरू असताना सभागृह तापलेलं ठेवायचं काम लाइलकडे होतं.

सकाळी तालीम चालू असताना निर्माता कर्ट डेलमॅन त्याच्याजवळ आला. तिशीतला, मऊ बोलणारा मुलगा. स्वतःच्या हाताने कॉफी आणून दिली, तेव्हाच लाइलला समजायला हवं होतं.

"ऑपलबाई तुमच्या जुन्या मैत्रीण ना?"

"जोडीदारीण."

"बक्षीस त्यांना मिळेल असं सगळे म्हणतात. मार्चमध्ये त्या काय बोलल्या ते आठवतंय ना? आज तसं बोलल्या तर हे सभागृह त्यांची हुर्यो उडवेल. भाचा गमावलेल्या बाईची हुर्यो, तीही थेट प्रक्षेपणात! आणि उलट काही बोलल्या, तर उद्या सकाळी अर्धा देश आमच्यावर धावून येईल."

"मग वाद्यवृंद आहे की. वाजवा संगीत."

"दुःखातल्या बाईवर संगीत वाजवलं तर आम्ही राक्षस दिसतो, लाइल. टाळ्या पडल्या तर सगळेच भले दिसतात." कर्टने त्याच्या तळहातांकडे पाहिलं. "तुम्हाला काही शिकवायची गरज नाही. आणि हो, पुढच्या वर्षी आमच्या सगळ्या विनोदी मालिका एकाच माणसाकडे द्यायचा विचार आहे. वणवण करायला नको कोणाला या वयात."

लाइल 'हो' म्हणाला नाही, 'नाही'ही म्हणाला नाही. कॉफी संपवली. नंतर बराच काळ तो स्वतःला सांगत राहिला, की मी शब्द दिलाच नव्हता. पण कर्टला शब्द नकोच होता.

सोहळा भर उन्हात सुरू होतो, पूर्व किनाऱ्यावर घड्याळ तीन तास पुढे असतं आणि तिकडच्या लोकांची रात्रीची जेवणं तेव्हा उरकलेली असतात म्हणून. बाहेर डांबर तापलेलं, आत काळे कोट आणि उघडे खांदे. कोणाच्या छातीवर शांततेचं कबुतर, कोणाच्या छातीवर झेंडा, बरेच जण काहीच न लावता आलेले. लाइल मंचाच्या डाव्या पायऱ्यांपाशी, कॅमेऱ्याच्या मागे उभा होता.

ऑपलचं नाव पुकारलं. ती निळ्या झग्यात, सपाट चपलांत, पायऱ्या चढून आली. आधी तिने आपल्या गावच्या खऱ्या बसवालीचे आभार मानले. "तिच्या बसचे ब्रेक लागत नसत, आणि तोंडाचे तर मुळीच लागत नसत." सभागृह हसलं. लेखकांचे आभार, सहकाऱ्यांचे आभार. मग तिने बक्षिसाची सोनेरी बाहुली दुसऱ्या हातात घेतली.

"मार्च महिन्यात मी टीव्हीवर एक गोष्ट बोलले होते," ती म्हणाली. "तुमच्यातल्या पुष्कळांना ती आठवत असेल."

सभागृहात हवा एकदम बदलली. पुढच्या रांगेतल्या एका नटाने हाताची घडी घातली. मागून कोणीतरी घसा खाकरला. ऑपलने मान किंचित वर केली आणि नाकातून तो बारीक श्वास घेतला.

त्या श्वासाच्या टोकावर लाइलने टाळी वाजवली.

एक, दोन, आणि मग धबधबा कोसळावा तसं सगळं सभागृह. लोकांना जी भीती वाटत होती तिच्यातून कोणीतरी वाट काढून दिली होती. ते उठून उभे राहिले. कबुतरवाले उभे राहिले, झेंडेवाले उभे राहिले, काहींचे डोळे खरोखर भरून आले होते. मंचावर ऑपल तोंड अर्धवट उघडं ठेवून उभी होती. तिने समोरच्या हजारो माणसांकडे पाहिलंच नाही. तिची नजर थेट डावीकडे, पायऱ्यांपाशी, अंधारात आली आणि थांबली. तिला तो दिसत असणं शक्य नव्हतं. पण तिने ती टाळी तरुणपणी रोज ऐकलेली होती.

मग नटाच्या जातीप्रमाणे ती हसली, वाकली आणि आत गेली.

कर्टने लांबून अंगठा वर केला. जाहिराती लागल्या. लाइल माइक घेऊन पुढे गेला आणि त्याने आयडाहोहून आलेल्या एका दाढीवाल्याची चेष्टा केली. लोक पोट धरून हसले. आपली जीभ कशी चालली तेव्हा, हे त्याला पुढे कधी उमगलं नाही.

घरी रोझलिनने सोहळा टेपवर घेऊन ठेवला होता. तो येऊन बूट काढतोय तोवर तिने विचारलं, "ऑपलला कोणी थांबवलं?"

"थांबवलं कुठे? उभं राहून मान दिला सगळ्यांनी."

तिने टेप मागे नेली. पडद्यावर ऑपलने श्वास घेतला, आणि तो आवाज आला. एकट्याचा, खोलगट.

"ही तुझी टाळी आहे, लाइल."

"काहीतरीच. तेवढ्या गर्दीत कोणाची कोणती ते कसं कळणार?"

रोझलिनने टीव्ही बंद केला. "मी लग्न केलंय त्या हातांशी," ती म्हणाली आणि आत गेली. लाइल पायात एकच बूट घालून सोफ्यावर बसून राहिला. चोरी एक वेळ लपली असती. ही थाप मात्र बोलतानाच उघडी पडली होती, आणि तरी ती त्याने मारली होती.

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी वाट्टेल ते लिहिलं. एकाने लिहिलं, शोकग्रस्त मावशीला अवघ्या कलाजगताने मानवंदना दिली. रेडिओवरचा एक गरम डोक्याचा वक्ता ओरडत होता, की या दांभिक नटव्यांनी एका देशभक्त बाईचा आवाज दाबला. दोघांनाही ऑपल काय बोलणार होती ते ठाऊक नव्हतं. लाइल गाडीत दोन्ही ऐकायचा. 'या लोकांनी' दाबला, असं म्हटलं की त्याला बरं वाटायचं, कारण लोक म्हटले की एक माणूस शोधायला कोणी जात नाही. असं बरं वाटल्याचीच मग लाज वाटायची.

ऑपल फोन उचलत नव्हती. शेवटी तो बर्बँकला तिच्या घरी गेला. ती अंगणात रबरी नळीने पाणी घालत होती. त्याला पाहून तिने नळी बाजूला केली नाही, त्याच्या बुटांवर पाणी आलं.

"ये. कॉफी तयार आहे," ती म्हणाली, जणू शेजारी साखर मागायला आलाय.

स्वयंपाकघरात बाहुली फ्रिजवर ठेवलेली होती, शेजारी केळी.

"ऑपल, मी—"

"तू टाळ्या वाजवल्यास. म्हणजे आवडलं असणार तुला माझं बोलणं. काय आवडलं, ते तरी सांग."

लाइलची मान खाली गेली. "मला वाटलं, ते लोक तुझी हुर्यो उडवतील. मार्चमध्ये तू जे बोललीस तेच पुन्हा बोलशील, आणि टेरल जाऊन दोन महिने होतायत, आणि ते—"

"मला वाचवायला निघाला होतास होय?"

"हो."

"खरं बोल रे. माझ्यासमोर तरी."

नळ ठिबकत होता. "कर्टने पुढच्या वर्षीचं सगळं काम देतो म्हटलं होतं," लाइल म्हणाला.

"हं." ऑपलने कपात कॉफी ओतली. "आता ऐक. मी म्हणणार होते, की मार्चमध्ये मी चुकले. त्या नटाला मी गप्प बस म्हटलं, तेव्हा खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पोराला मी जा म्हटलं, कारण मला वाटलं सैन्यात गेला की अंगी शिस्त लागेल. आणि ही लढाई बरोबर आहे म्हटलं, कारण तो गेलाच होता. चूक म्हटलं असतं तर रात्री झोप आली नसती. एवढंच. चार वाक्यं होती. आरशापुढे पाठ केली होती, रडू येऊ नये म्हणून."

"मग आता बोल ना! रेडिओवर बोल. त्या सकाळच्या कार्यक्रमात..."

"विचारलं मी त्यांना. तिथल्या एका पोरीने गोड आवाजात सांगितलं, बाई, तुम्हाला केवढ्या टाळ्या पडल्या, किती सुंदर क्षण होता, आता त्याला कशाला धक्का लावायचा?" ऑपल हसली, पण ते हसू नव्हतं. "जे चारचौघांत बोलले, ते चारचौघांतच परत घ्यायला हवं होतं. व्हर्नाला वाटतंय, तिच्या मुलासाठी सगळं हॉलिवूड उभं राहिलं. शेजारणींना टेप दाखवते ती. आता मी तिला काय सांगू, की ते उभे राहिले ते मी गप्प बसावं म्हणून?"

"ते तुझी हुर्यो—"

"उडवली असती तर उडवली असती! बेकर्सफील्डला आपल्यावर बाटल्या फेकल्या होत्या लोकांनी. तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास, लाइल. पळाला नाहीस." ती उठली. "कॉफी संपव, कप मोरीत ठेव, आणि जा आता."

त्याने कप धुतला. पुसला. कुठे ठेवायचा ते न कळून हातात धरून उभा राहिला. मग ओट्यावर ठेवून निघून आला. घरी येऊन रोझलिनला सगळं सांगितलं, कर्टच्या कॉफीपासून. तिने मध्येच तोडलं नाही, नंतरही फार बोलली नाही. "बरं झालं, सांगितलंस," म्हणाली, आणि आठवडाभर त्याच्याशी पाहुण्याशी वागावं तसं सौजन्याने वागली. त्यापेक्षा तिने ताटं आपटली असती तर त्याला परवडलं असतं.

आणि तरी कर्टचं काम त्याने घेतलं. हे सांगितलं नाही तर गोष्ट अर्धी राहील. नाही म्हणेन, नाही म्हणेन, असं मनाशी घोकत तो त्या कचेरीत गेला आणि सही करून बाहेर आला.

पुढच्या मे महिन्यात, शहीद सैनिकांच्या स्मरणदिनी, ओक्लाहोमात ऑपल-व्हर्नाच्या गावच्या शाळेत ऑपलला बोलायला बोलावलं. तिने रोझलिनला फोन करून सांगितलं. लाइलला नाही. रोझलिन विचारत होती, येतोस का. त्या दिवशी रेकॉर्डिंग आहे, असं लाइल म्हणाला. होतंही. पण नसतं तरी त्याने काहीतरी शोधलं असतं. रोझलिन एकटीच विमानाने गेली.

परत आली तेव्हा तिने अंगणात, लिंबाखालच्या खुर्चीत बसून सांगितलं. शाळेच्या व्यायामशाळेत लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. बायकांनी शेंगदाण्यांचे केक आणि थंड चहा आणला होता. ऑपल कागद न घेता बोलली. ती चार वाक्यं बोलली, आणि मग टेरल किती खादाड होता ते सांगितलं. दोन म्हातारे टोप्या घालून उठून गेले. व्हर्ना पहिल्या रांगेत होती.

"मग?" लाइलने विचारलं. "टाळ्या पडल्या?"

रोझलिनने त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात तिने असं कधी पाहिलं नव्हतं. रागाने नाही, जरा नवलाने, रस्त्यात ओळखीचं कोणी दिसावं आणि जवळ गेल्यावर तो भलताच माणूस निघावा तसं. लाइलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. शब्द परत घेता आले असते तर त्याने काय वाटेल ते दिलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "व्हर्ना उठून बाहेर गेली. ऑपल तिच्या मागून गेली. बाहेर दोघी बहिणी गाडीपाशी उभ्या राहून एकमेकींवर ओरडत होत्या. आम्ही सगळे आत बसून ऐकत होतो. मग कोणीतरी केक कापायला घेतला."

व्हर्ना त्यानंतर वर्षभर बहिणीशी बोलली नाही. पुढच्या वर्षीच्या नाताळात तिने बदामाच्या वड्यांचा डबा पाठवला, चिठ्ठी नव्हती, आणि हळूहळू पुन्हा फोन सुरू झाले. लढाईबद्दल त्या दोघी बोलत नाहीत म्हणे.

लाइलने ते काम एक हंगाम नीट केलं. दुसऱ्या हंगामात त्याचं गणित चुकायला लागलं. नट दारातून आत आले तरी हात वर उठायला क्षणभर उशीर व्हायचा, बाकांवरची माणसं एकमेकांकडे बघत बसायची. कर्ट पुन्हा कॉफी घेऊन आला. या वेळी लाइलला लगेच समजलं. त्याच्या जागी एक चुणचुणीत मुलगी आली, तिने शिट्टी वाजवायची नवी युक्ती काढली होती. लाइल घरी बसला. समोरच्या झेंडेवाल्या शेजाऱ्याने एकदा कुंपणापाशी थांबून विचारलं, "एवढी वर्षं झाली, तुमचं मत काही कळलं नाही हो आम्हाला." लाइल म्हणाला, "लढाई चूक होती." शेजाऱ्याने खांदे उडवले. तोवर सगळेच तसं म्हणायला लागले होते.

ऑपलची आणि त्याची गाठ पडली ती बेकर्सफील्डच्या त्या बारच्या मालकाच्या अंत्यविधीला. चर्चच्या मागच्या खोलीत सँडविच ठेवले होते. ऑपल थाळी घेऊन आली आणि दुसऱ्या खुर्च्या रिकाम्या असताना त्याच्या शेजारी बसली. गाडी लावायला जागा कशी मिळाली नाही, पास्टरने मेलेल्याचं नाव कसं चुकीचं घेतलं, गुडघे कसे धरतात, असं बोलत राहिली.

"ऑपल," लाइल म्हणाला, "त्या दिवशी मी जे—"

"माहितीये मला." तिने सँडविचमधली काकडी काढून थाळीच्या कडेला ठेवली. "ते दरवेळी उकरू नकोस, लाइल. तुला बरं वाटावं म्हणून मी ते पुन्हा पुन्हा ऐकणार नाही."

तिने त्याच्याकडे न बघता आपल्या थाळीतली चिप्सची पुडी उचलून त्याच्या थाळीत टाकली, आणि पलीकडे उभ्या असलेल्या मालकाच्या मुलीला हाक मारून विचारलं, की बाई, कॉफी कुठे ठेवलीय. लाइल मान खाली घालून ती पुडी फोडत बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तो फार हळू फोडत होता.